चौथ्या लेनमधलं हसू

"हा प्रश्न आपण सोडूनच देऊ," असं म्हणत डॉक्टर फेल्डकाम्पनी 'नाही'समोरच्या चौकोनात फुली मारून टाकली.

रोझविटा काल्थोफने मान लांब करून कागद वाचला. प्रश्न असा होता: भुलीची किंवा ऑपरेशनची भीती वाटते का? खूप. थोडी. नाही.

"तुम्हाला कसली आलीय भीती!" डॉक्टर म्हणाले. भूल देणारे हे डॉक्टर तिच्या मुलीपेक्षाही लहान दिसत होते. "काल्थोफबाई, माझ्या आईच्या कपाटाला आतून तुमचा फोटो चिकटवलेला होता. उडीच्या ओट्यावर उभ्या आहात आणि हसताय. लहानपणी मला वाटायचं, ही आपली कुणी मावशीच आहे."

रोझविटा हसली. ओठ मागे ओढले गेले, दातांची सरळ रांग दिसली.

"हेच ते! अगदी हेच हसू!" डॉक्टर खूश झाले. मग त्यांनी भराभर सांगून टाकलं. उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग काढायचा. अडीच तास. साधारण साडेअकराला न्यायला येतील. भुलीआधी घाबरणाऱ्यांना एक गोळी देतात, ती तिला लिहिलेली नाही, उगाच कशाला. "काही विचारायचंय?"

तिला एकच विचारायचं होतं. तोंडावर मास्क लावला की श्वास आपल्या हातातून सुटतोय हे माणसाला कुठपर्यंत कळत राहतं?

"चष्मा कुठे ठेवायचा?" तिने विचारलं.

डॉक्टर गेले. दार लागलं तरी चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं. तिला दोन्ही तळहातांनी गाल दाबून तोंड मिटावं लागलं. 

छातीच्या फोटोत ती गाठ दिसल्याला नऊ दिवस झाले होते. या नऊ दिवसांत ती एकदाही पोटभर जेवली नव्हती. जिना चढताना, पावाला लोणी लावताना, मधेच हात जिथल्या तिथे थांबायचे. हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं. कील शहरातून मुलीचा फोन आला होता. वीबके म्हणाली, "आई, मीच रडतेय बघ. तुला काय, तू तर तिथेही हसतच जाशील." ती म्हणाली होती, "हो गं, त्यात काय एवढं."

खिडकीकडच्या पलंगावर दुसरी एक बाई होती. पांढरे आखूड केस, हाडं वर आलेले खांदे. रोझविटा सकाळी सातला खोलीत आली तेव्हा ती बाई उशीत तोंड खुपसून रडत होती. दिलेक नावाची नर्स तिच्या पाठीवर हात फिरवत बसली होती. दिलेकचा आजा तुर्कस्तानातून जर्मनीत, इथल्या कोळशाच्या खाणीत आला होता. ती स्वतः याच गावात, हेर्नेत जन्मलेली, आणि बोलणं अस्सल इथलं.

"पोकोराबाई, बघा तरी तुमच्या शेजारी कोण आलंय! आपली हसरी रोझी!" दिलेक म्हणाली होती. आणि मग रोझविटाकडे वळून, खालच्या आवाजात: "बरं झालं तुम्ही आलात. मागच्या महिन्यात ह्या ऑपरेशनच्या दिवशी सकाळी कपडे घालून सरळ घरी निघून गेल्या. दोन शब्द बोला त्यांच्याशी. तुमच्याकडे बघून त्यांना धीर येईल."

त्या बाईने उशीतून तोंड वर काढून रोझविटाकडे पाहिलं होतं. एकदाच, पण चांगलं निरखून. आणि मग भिंतीकडे कूस वळवली होती. तेव्हापासून ती एक शब्द बोलली नव्हती.

तिला कसला धीर द्यायचा? रोझविटाला स्वतःला सकाळपासून पाणी प्यायलाही बंदी होती.

साडेअकरा वाजले. कोणी आलं नाही. रस्त्यावर मोठा अपघात झाला होता, दोन्ही ऑपरेशनच्या खोल्या त्यात अडकल्या होत्या. "थोडा उशीर होईल हं," दिलेक सांगून गेली. तेवढ्यात तिने फोन पुढे करून रोझविटाबरोबर एक फोटोही काढून घेतला. मग फरशी पुसणारी आली, तिच्या नवऱ्यासाठी सही हवी होती. जेवणाच्या गाडीवरचा माणूस उगाच दारात डोकावला. "रोझी! खरंच की हो! एकदा हसा ना!"

ती हसली. प्रत्येकासाठी हसली.

हे असं पन्नास वर्षं चालू होतं. खरं पाहिलं तर तिने फार मोठं काही जिंकलं नव्हतं. दोनशे मीटर बटरफ्लायमध्ये युरोपात एकदा रौप्यपदक, ऑलिम्पिकमध्ये सहावा नंबर, देशात चार वेळा पहिली. तिच्यापेक्षा जास्त पदकं मिळवलेल्या तिच्याच क्लबात दोघी होत्या. त्यांची नावं आज कोणाला विचारली तर सांगता यायची नाहीत. पण बाकीच्या पोरी ओट्यावर ओठ आवळून, भुवया जुळवून उभ्या राहायच्या आणि चौथ्या लेनमध्ये रोझी हसत असायची. टीव्हीवर ते सगळ्या देशाने पाहिलं. पत्रांची पोती यायला लागली. एकविसाव्या वर्षी तिने पोहणं सोडलं, खांदा दुखावला म्हणून सांगितलं. त्यानंतर एका टूथपेस्टवाल्याने तेच हसू भिंतीएवढं करून गावोगाव लावलं.

नंतर ती नगरपालिकेत पासपोर्टच्या खिडकीवर बसली, ती रिटायर होईपर्यंत. शेजारच्या खिडकीपुढे चिटपाखरू नसलं तरी लोक तिच्याच रांगेत उभे राहायचे. गंमत अशी की पासपोर्टच्या फोटोत दात दिसलेले चालत नाहीत असा पुढे नियम निघाला. "फोटोत हसायचं नाही," हे ती दिवसातून चाळीसदा सांगायची, हसत हसत, आणि रांगेतली माणसं पोट धरायची. नवरा मात्र लग्नाच्या नवव्या वर्षी सोडून गेला. जाताना म्हणाला, "तुझ्याशी धड भांडताही येत नाही. मी ओरडतो आणि तू हसतेस."

तिला तेव्हा सांगता आलं नाही, ते आजही कोणाला सांगता येत नव्हतं. ते हसू नव्हतंच.

अकरा वर्षांची असताना पहिल्या शर्यतीला ओट्यावर चढली, आणि खाली पाहिलं तर पाणी झाकणासारखं दिसलं. आपण आत गेलो की ते वरून लागणार. तिचे दात असे वाजायला लागले की शेजारच्या लेनमधल्या मुलीला ऐकू जावेत. तिला शिकवणारे ड्रीसन सर मागून येऊन कानात म्हणाले, "दात घट्ट दाब आणि ओठ मागे ओढ. हसल्यासारखं कर. म्हणजे कोणाला कळणार नाही." तिने तसं केलं. कोणाला कळलं नाही. पुढची दहा वर्षं प्रत्येक शर्यतीला पाण्याचं तेच झाकण आणि तेच ओठ. भीती एका दिवसानेही कमी झाली नाही. शेवटच्या पन्नास मीटरला छाती बंद पडायची आणि ती जोरात पोहायची ते जिंकायला नव्हे, पाण्यातून बाहेर पडायला. ड्रीसन सर मरून तीस वर्षं झाली. हे माहीत असलेलं दुसरं माणूस जगात नव्हतं.

पोहणं सोडल्यावर ती एकदाही पाण्यात उतरली नव्हती. नवीन तलावांची उद्घाटनं केली ती सगळी पायात बूट घालून.

दीड वाजता खिडकीकडून आवाज आला.

"तुम्हाला मी आठवत नाही."

प्रश्न नव्हता तो. पोकोराबाई उठून बसली होती. डोळे सुजलेले, पण आता कोरडे.

"माफ करा," रोझविटा म्हणाली. "पासपोर्टला आला होतात का तुम्ही?"

"तुमच्या खिडकीवर मी मेले तरी आले नसते. मला स्पेनला जायचं होतं तर मी शेजारच्या गावी, बोखुमला जाऊन पासपोर्ट काढला." बाई थांबून धाप घेत होती. "मार्लिस. तेव्हाची मार्लिस श्वेर्टनर. विभागीय ज्युनियर स्पर्धा, शंभर मीटर बटरफ्लाय. तुम्ही चौथ्या लेनमध्ये, मी पाचव्या. मी तेरा वर्षांची."

रोझविटाला काहीच आठवेना. अशा शर्यती शेकड्याने झाल्या होत्या.

"हिरवा पोहण्याचा ड्रेस. माझ्या मोठ्या बहिणीचा. कमरेपाशी फाटला होता, तर आईने जुन्या छत्रीचं काळं कापड लावून ठिगळ शिवलं होतं. घरी आरशात ते दिसत नव्हतं हो. पण तिथे, त्या दिव्यांखाली..." तिने कमरेवर हात ठेवला, जणू ठिगळ अजून तिथेच होतं. "मी ओट्यावर चढले. शेजारी बघितलं. तुम्ही माझ्याकडे वळलात, खाली बघितलंत, आणि हसलात. हे एवढे दात काढून."

"नाही—"

"थांबा. बावन्न वर्षं थांबलेय मी, मला बोलू द्या. मला समोरचं दिसेनासं झालं. पिस्तूल वाजायच्या आधीच मी उडी मारली. चुकीची उडी पडली की तेव्हा पाण्यावर दोर टाकायचे, आठवतंय? त्या दोरात अडकले मी. नाकातोंडात पाणी. शेवटी बांबूने ओढून काढलं मला, सगळ्या गावासमोर. माझा बाप बघत होता. खाणीतून रजा काढून आला होता. घरी जाताना एक शब्द बोलला नाही तो. मी पुन्हा पाण्यात पाय घातला नाही. माझ्या पोरींना पोहायला दुसऱ्यांनी शिकवलं."

रोझविटाने पांघरूण वर ओढून घेतलं.

"बरं, विसरून गेले असते," मार्लिस म्हणाली. "पण विसरू देतंय कोण! स्टेशनच्या कोपऱ्यावर माझी टपरी. सिगरेट, बिअर, पोरांच्या गोळ्या, वर्तमानपत्रं. एकतीस वर्षं चालवली. सकाळी पाचला गठ्ठा सोडला की वर कोण? हसरी रोझी. मासिकावर कोण? रोझी. टूथपेस्टवाला येऊन दारावरच पोस्टर डकवून गेला. गिऱ्हाईकं म्हणायची, काय गोड पोरगी आहे हो! मी म्हणायचे, हो ना, घ्या, सुट्टे पन्नास फेनिश द्या. आणि तुमचा तो पहिला फोटो, सगळ्या पेपरांत आलेला. त्याच्या कडेला एक कोपर दिसतं, बघितलंय का कधी?"

बघितलं होतं. तो फोटो रोझविटाच्या स्वयंपाकघरात टांगलेला होता. उजव्या कडेला कुणाचं तरी बारीक, टोकदार कोपर आणि हिरव्या कापडाची एक पट्टी. वीबके लहानपणी विचारायची, आई, हे कोण? ती म्हणायची, असेल कोणीतरी.

"ते माझं," मार्लिस म्हणाली.

रोझविटाला एकदम लाज वाटली, आणि लाजेच्याही खाली भीती. या बाईला खरं सांगायचं म्हणजे ते सगळं मोडायचं, ज्याच्यावर आपण आयुष्यभर उभ्या आहोत. आणि कधी, तर तासाभरात छाती उघडणार असताना.

"मी तुमच्याकडे बघितलंच नव्हतं," ती शेवटी म्हणाली. "मला काहीच दिसत नसायचं. माझे दात वाजायचे. सरांनी सांगितलं होतं, ओठ मागे ओढ म्हणजे कळणार नाही. ते हसणं नव्हतं. मी भ्यायचे. दर वेळी. पहिल्या शर्यतीपासून शेवटच्यापर्यंत."

मार्लिस तिच्याकडे पाहत राहिली. मग नाकातून हवा सोडली. "आता काय, आता काहीही म्हणाल. मरताना सगळेच चांगले होतात."

"खरंच सांगते."

"टपरीवर रोज शंभर माणसं मला खरंच सांगायची. पैसे उद्या देतो, खरंच."

दोन वाजून दहा मिनिटांनी दार उघडलं. दिलेक होती, तिच्यामागे चाकांचा पलंग घेऊन एक दांडगा माणूस. "क्रम बदललाय," दिलेक म्हणाली. "काल्थोफबाई, आधी तुम्ही. पोकोराबाई, तुमचं उद्या सकाळी पहिलं. काल्थोफबाई, चला, दाखवून द्या आमच्या पोकोराबाईंना कसं जायचं असतं ते!"

रोझविटाला उठायचं होतं. पाय पलंगाखाली सोडलेही. फरशी गार होती, आणि तिला वाटलं ती खाली खाली जातेय. आपल्या तोंडावर रबराचा वास येईल, कोणीतरी म्हणेल मोठा श्वास घ्या, आणि वरून ते झाकण लागेल. या वेळी पोहून बाहेर येता येणार नाही, हातपायच आपले नसतील. तिने दात दाबले. ओठ आपोआप मागे गेले.

"बघा!" तो दांडगा माणूस कौतुकाने म्हणाला. "टीव्हीवर दाखवायचे तश्शीच! माझा बाप वेडा होता तुमच्यापायी."

"ओ," खिडकीकडून मार्लिस म्हणाली.

कोणी लक्ष दिलं नाही. त्या माणसाने रोझविटाच्या दंडाला धरलं.

"ओ! हात काढा तिच्या अंगावरचा!" मार्लिस हाताच्या सलाइनच्या नळीसकट उठून आली होती, अनवाणी. ती रोझविटाच्या अगदी समोर उभी राहिली आणि वाकून तिच्या चेहऱ्यात पाहू लागली. इतक्या जवळून त्या चेहऱ्यात कोणी पाहिलं नव्हतं, नवऱ्यानेसुद्धा नाही. गालातले स्नायू दोरीसारखे ताणलेले. डोळे कोणाकडेच पाहत नव्हते. आणि आतून, बंद दातांमागून, बारीक कडकड असा आवाज येत होता.

"अगं बाई," मार्लिस म्हणाली. अगदी हळू. मग नर्सकडे वळून मोठ्याने: "दिलेक! ही हसत नाहीये. हिला भीती वाटतेय. पाचावर धारण बसलीय हिची. तुम्हाला दिसत नाही का? हात लावून बघ, बर्फ झालीय पोरगी. ती तुमची 'गेलं उडत' गोळी द्या हिला."

भुलीआधीच्या गोळीला वॉर्डात सगळे याच नावाने ओळखत. ती घेतली की माणसाला जगात कशाचंच काही वाटत नाही.

दिलेकने रोझविटाचा हात हातात घेतला आणि तिचा चेहरा उतरला. "पण कागदावर तर..." ती पुढे बोलली नाही. बाहेर जाऊन तिने फोन केला.

डॉक्टर फेल्डकाम्प स्वतः वर आले. डोक्यावर हिरवी टोपी, हातात तोच कागद. ते पलंगाच्या कडेवर बसले. या वेळी कपाटाची, आईची गोष्ट काढली नाही.

"काल्थोफबाई," ते म्हणाले, "भीती वाटते का?"

तिने मार्लिसकडे पाहिलं. मार्लिस कमरेवर हात ठेवून उभी होती, आपल्या टपरीत उभी असावी तशी.

"खूप," रोझविटा म्हणाली.

शब्द तोंडातून गेला आणि तिचा जबडा सैल पडला. रडू आलं, सहासष्ट वर्षांच्या बाईला शोभणार नाही असं, नाक गळत. डॉक्टरांनी फुली खोडली. "मी नीट विचारायला हवं होतं."

"विचारलं असतंत तरी मी नाहीच म्हटलं असतं."

गोळी आली. घोटभर पाणी आलं, सकाळपासूनचं पहिलं. गोळी भिनेपर्यंत मार्लिस तिच्या पलंगावर बसून राहिली. "सिगरेट ओढायचीस का तू?" तिने मधेच विचारलं. तुम्हीचं तू कधी झालं ते दोघींनाही कळलं नाही.

"कधीच नाही."

"बघ म्हणजे. मी चाळीस वर्षं रोज एक पाकीट ओढलं तेव्हा कुठे ही गाठ मिळाली. तुला फुकटात!"

चाकांच्या पलंगावर झोपून जाताना रोझविटाला भीती वाटतच होती. गोळीने ती गेली नाही, फक्त लांब उभी राहिली. पण चेहरा तिचा होता. लिफ्टच्या पत्र्यात तिला तो उलटा, पुसट दिसला. एका घाबरलेल्या म्हाताऱ्या बाईचा चेहरा. तिला तो ओळखीचा वाटला नाही.

ऑपरेशन नीट झालं. गाठ वाईट होती पण लहान होती, सगळी निघाली. दोन दिवस अतिदक्षता विभागात काढून ती खोलीत परत आली, तर मार्लिस खिडकीकडे तोंड करून बसली होती. या वेळी ती पळून गेली नव्हती. चाकांच्या पलंगावर झोपायलाही तयार झाली नव्हती. चालत गेली होती, दिलेकच्या हाताला धरून.

"काय म्हणाले?" रोझविटाने विचारलं.

"काय म्हणणार! उघडलं, बघितलं, बंद केलं. माझ्या टपरीचं शटर असल्यासारखं." मार्लिस तिच्याकडे वळली नाही. "सगळीकडे पसरलंय. उशीर झाला. महिनाभर आधी आले होते ना मी, तेव्हा पळाले नसते तर... ते असं म्हणाले नाहीत. डॉक्टर माणसं, बोलत नाहीत. पण मला हिशोब कळतो."

छातीतल्या नळ्या सांभाळत रोझविटा उठली, त्या चार पावलांना तिला पाच मिनिटं लागली, आणि मार्लिसच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसली.

मार्लिस सप्टेंबरात गेली. त्या सात महिन्यांत रोझविटा दर बुधवारी तिच्याकडे जायची. कधी चेरीचा केक घेऊन, कधी नुसतीच. त्यांचं बोलणं बहुतेक भीतीचंच असे: कुठे सुरू होते, पोटात की पायांत, पहाटे जास्त की संध्याकाळी. एखाद्या जुन्या दुखण्याबद्दल बायका बोलतात तसं. बाहेर कोणी ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, या गुडघ्यांबद्दल बोलताहेत. ज्या दिवशी मार्लिसला बोलवत नसे त्या दिवशी रोझविटा तिला वर्तमानपत्र वाचून दाखवी. तपासणीची तारीख जवळ आली की तिला अजूनही जेवण जात नसे. फरक एवढाच की आता फोनवर वीबकेला ती सांगायची. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा वीबकेने तिला तेच वाक्य पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

जूनमधल्या एका बुधवारी मार्लिस म्हणाली, "मला एकदा पाण्यात उतरायचंय."

"कुठल्या?"

"उघड्या तलावात. आपल्या. पोरी म्हणतात वेड लागलंय का, या तब्येतीत? धाकटी म्हणते बरं चल, मी आहे ना, घाबरायचं काय त्यात. मला तिच्याबरोबर नाही जायचं."

रोझविटाने हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "मला नाही जमायचं, मार्लिस. पंचेचाळीस वर्षं झाली. मला खरंच नाही जमायचं."

"म्हणून तर तुला विचारते."

त्या गेल्या. सकाळची दहाची वेळ, ऊन होतं पण वारा गार. तिकिटाच्या खिडकीतला माणूस अर्धा उभाच राहिला. "अहो, रोझी! कित्येक वर्षांनी! हसा की एकदा!" रोझविटाने त्याच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि तिकिटं घेतली. तो बिचारा ओशाळला. आत मुलांचा वर्ग चालू होता. मार्लिसने नवा निळा ड्रेस घेतला होता, तो तिच्या अंगावर लोंबत होता. रोझविटाच्या बरगडीखालचा व्रण अजून लाल होता. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही, सरळ लहान मुलांच्या तलावाच्या पायऱ्यांवर गेल्या आणि बाजूचा स्टीलचा कठडा धरला.

पहिली पायरी. घोट्यापर्यंत. मार्लिसची नखं रोझविटाच्या दंडात रुतली. दुसरी पायरी. तिसरीला पाणी मांडीपर्यंत आलं आणि दोघींचा श्वास एकदमच अडकला. समोरून कोणा पोराने उडी मारली, त्याची लाट आली, पोटापर्यंत चढली. दोघी कठड्याला चिकटल्या. लाट निघून गेली.

पांढऱ्या बनियनमधला जीवरक्षक काठाकाठाने चालत आला. तरुण होता, पण त्यालाही ती माहीत होती. "काल्थोफबाई," तो अदबीने म्हणाला, "मोठ्या तलावात तुमच्यासाठी एक लेन रिकामी करून देऊ का?"

"नको," रोझविटा म्हणाली. "आम्ही इथेच बऱ्या आहोत."

तो गेला. वाऱ्याने पाण्यावर शहारे आले होते. तळाच्या निळ्या फरश्या हलताना दिसत होत्या, आणि त्यांच्यात चार पांढरी, म्हातारी पावलं.

"आणखी एक पायरी?" मार्लिसने विचारलं.

"थांब जरा," रोझविटा म्हणाली. "माझे पाय कापताहेत."

"बरं," मार्लिस म्हणाली. ती थांबली.